भिंत सुकेपर्यंत

आमच्या बाथरूममध्ये टब आहे म्हटलं की पाहुणे आधी हसतात, मग उठून बघून येतात. इस्लामपूरपासून जरा आत, उसाच्या रानांना लागून आमचं घर. पत्र्याचा गोठा, मागं परडं, पुढं ट्रॅक्टर उभा. अशा घरात टब कशाला, असं कुणालाही वाटणारच.

टब माझ्या बायकोसाठी आणलेला. तिला सांधेवात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तिची मूठ मिटेना. खुरपण जास्त झालं असेल म्हणून आम्ही तेल लावलं आणि सोडून दिलं. मग मनगटं सुजली, गुडघे सुजले, चपाती लाटताना लाटणं हातातून निसटायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या आजही चालू आहेत. उठता उठता ते म्हणाले होते, "सकाळी कोमट पाण्यात थोडा वेळ बसता आलं तर यांना बरं वाटेल." आमचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं हे ऐकलं आणि पुढच्या सुट्टीत सांगलीहून फायबरचा टब टेम्पोत घालून आणला. गल्लीतली माणसं बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, "ह्यात तर म्हस बसंल." ही लाजून आत जाऊन बसली ती माणसं पांगेपर्यंत बाहेर आली नाही. पण पहिल्यांदा त्या पाण्यात बसून आली, तेव्हा माझ्यापुढं येऊन उभी राहिली, हात पुढं केला आणि एकेक बोट उघडून दाखवलं.

"बघा," एवढंच म्हणाली.

मी फौजेत होतो. पेन्शनवर आलो, मग काही वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर ड्यूटी केली, आता रान बघतो. हिच्या अंघोळीत माझं काम म्हणजे अंगणातला बंब पेटवणं आणि बादल्या दाराशी नेऊन ठेवणं. शेजारीच धाकट्या भावाचं घर आहे. भावजय रोज सकाळी यायची, हिला धरून टबात बसवायची, पाठ चोळायची, साडी नेसवायची. दार लावलेलं असायचं. दोघींचं आत काहीतरी हसणं-बोलणं चालायचं, मी बाहेर बंबात तुरकाट्या सारत बसायचो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात काही कमी आहे असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या झोपायच्या खोलीत वास यायला लागला. खोली आणि बाथरूमच्या मागं सलग गेलेल्या, परड्याकडच्या भिंतीचा रंग फुगला, बोट लावलं की पापुद्रा खाली. बघितलं तर टबाच्या बुडाला चीर गेलेली. रोज थोडं थोडं पाणी खाली झिरपत होतं आणि भिंत ते पीत होती. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आता चांगला, बसायला कट्टा असलेला टब बघतो. तुम्ही गवंडी धरा."

गावातला गवंडी माझ्याच वयाचा. निम्म्या गावाच्या घरांना त्याचा हात लागलेला, त्यामुळं बोलणं एकदम ठाम. आत जाऊन त्यानं इकडं तिकडं बघितलं.

"काय न्हाई मेजर. जुना टब काढतो, नवा बसवतो आन् हाय त्या टाइलवर दुसरी टाइल चिकटवतो. आठवड्यात वैनी आंघूळ करत्याल."

आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो कुठल्या का पदावर असेना.

ही दारात खुर्ची टाकून बसली होती. हातातली काठी तिनं पुढं केली आणि काठीच्या टोकानं एक टाइल वाजवली. मग तिच्या वरची. मग बाजूची. खाली बद्द आवाज येत होता, वर जाईल तसा घट्ट.

"पोकळ हाय की आत," ती म्हणाली.

"थोडं आसतंच वैनी."

"आत वलं ठिवून वरनं नवी टाइल लावायची? परत तीच गत हुणार. काढा सगळं."

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ती म्हणती तसं कर."

दुसऱ्या दिवशी त्यानं छिन्नी लावली. पहिल्या काही टाइलांना हातोडा मारावाच लागला नाही, बोटं घालून ओढल्या तर हातात आल्या. त्यामागचा गिलावा भिजलेल्या शेंगदाण्याच्या कुटासारखा झाला होता, हात लावला की घसरत खाली. टब काढून परड्यात नेऊन टाकला. संध्याकाळपर्यंत खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत नागडी झाली. विटा ओलीनं काळ्या पडलेल्या आणि त्यांच्यावर पांढरा लोणा फुललेला, मिठाच्या खड्यांसारखा.

आता गवंड्याचा आवाज जरा खाली आला.

"हे सुकल्याबिगर गिलावा करायचा न्हाई मेजर. वल आत कोंडली तर नव्या टाइलासुदिक सुटत्याल. तारेच्या बुरुसानं लोणा घासून काढा, सांदी उकरून मोकळ्या करा, दारं उघडी ठिवा, पंखा लावा."

"सुकली हे कळायचं कसं?"

"सांच्याला प्लॅस्टिकचा कागद भितीला चारी बाजूंनी चिकटवायचा. सकाळी आतनं थेंब दिसलं तर वली. न्हाई दिसलं तर मला फोन करा." एवढं सांगून तो माधवनगरला दुसऱ्या कामावर निघून गेला.

आणि नेमका त्याच आठवड्यात फलटणहून फोन आला. भावजयीची लेक तिथं दिलेली, तिचे दिवस भरत आले होते, अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. भावजय पिशवी भरून घाईनं निघाली. जाताना हिला म्हणाली, "आक्का, गल्लीतल्या कुणाला तरी सांगून जाते मी."

"कुणाला सांगू नगंस," ही म्हणाली. "मी बघीन माझं माझं."

तिला दुसऱ्या कुणापुढं उघडं व्हायचं नव्हतं, हे मला कळत होतं. माझ्यापुढंही नव्हतं. आमच्या लग्नाला चाळीसेक वर्षं झाली असतील, पण दिवसाउजेडी एकमेकांकडं बघायची आम्हाला सवय नाही. आमच्या पिढीत कुणालाच नसावी.

काही दिवस तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून, स्टुलावर बसून, ओल्या टॉवेलनं अंग पुसून काढलं. मी पाणी आत ठेवायचो आणि बाहेर यायचो. एका सकाळी आत तांब्या पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ना पाण्याचा आवाज, ना तांब्या उचलल्याचा.

"काय झालं गं?"

"काय न्हाई."

"आत येऊ?"

"नगं."

मी दाराशीच थांबलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "या."

ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. अंगाला टॉवेल गुंडाळलेला. तांब्या मांडणीखाली गडगडत गेला होता आणि तिला वाकता येत नव्हतं. थंडीनं तिची बोटं आखडून आत वळली होती. मी तांब्या काढला, भरला आणि तिच्या हातात दिला. तो तिला धरता येईना. मी तिच्या पाठीवर पाणी ओतलं तसं तिनं डोळे मिटून घेतले. ती रडत होती की काय, मी बघितलं नाही. मी बाहेर आलो आणि थेट गोठ्यात गेलो.

गोठा रिकामाच होता. हिला धार काढणं जमेना झालं तेव्हा म्हैस विकली होती. मी जमिनीवरची फरशी खराट्यानं घासली, फिनेल टाकून दोनदा धुतली. दोन खांबांना दोरी बांधून तिच्या जुन्या साड्यांचा आडोसा केला. रस्त्याच्या बाजूनं दोन पदर लावले, परड्याच्या बाजूनं मोकळं ठेवलं, कारण तिकडं आपलाच शेवगा आणि त्यामागं आपलाच ऊस. प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्या पायाखाली पाट ठेवला, बंब ओढत जवळ नेला.

दुसऱ्या दिवशी ऊन गोठ्यात आलं तशी तिला हाताला धरून तिथं नेलं. ती आडोशाशी थबकली.

"गोठ्यात? मी काय म्हस हाय?"

"म्हशीला मी कधी धुतलं नाही. तुला धुतो."

तिला हसू आवरेना. हसत हसतच खुर्चीवर बसली. कालव्यावर बायका बांधतात तसा परकर छातीवर बांधून घेतला आणि मग तिला पुन्हा लाज आठवली.

"तोंड तिकडं करा."

"मग पाणी कुठं ओतू?"

"अंदाजानं वता."

मी अंदाजानं ओतलं ते तिच्या कानात गेलं. मग तिनंच वैतागून सांगितलं, बघा म्हणून. मी बघितलं. तिचे खांदे पहिल्यासारखे गोरे, कोपरापासून खाली मात्र रानातल्या उन्हाचा रंग अजून तसाच. इतकी वर्षं झाली रानात जाणं बंद होऊन, तरी तो गेला नव्हता. मी साबण लावला, पाठ चोळली. किती जोर लावायचा ते कळत नव्हतं.

"परात घासताय का?" ती म्हणाली. "हळू."

"आता?"

"आता झाडलोट केल्यागत वाटतंय. जरा जोर लावा."

असं करत करत जमलं. केस धुताना तर जास्तच वेळ गेला. शिकेकाई डोळ्यात गेली, ती ओरडली, मी आडोशाच्या साडीचं टोक ओढून डोळे पुसले. केसांत बोटं घालून चोळताना कानामागं माझ्या बोटाला एक जुना वण लागला.

"हे कधी लागलं तुला?"

"लगीन व्हायच्या आदी. कालव्यावर धुणं धुताना पाय घसरला. दगडावर आदळले."

"मला माहीतच नाही."

"केसाखालचं कुणाला दिसतंय?" ती म्हणाली.

तिचं माहेर फलटणकडचं. मग त्या दिवशी ती कालव्याबद्दलच बोलत राहिली. तिघी बहिणी भल्या सकाळी धुणं घेऊन जायच्या. धुणं झालं की पाण्यात उतरायच्या, वर येऊन उन्हात केस वाळवायच्या. बाप हाका मारून थकायचा. "लगीन झाल्यापासनं उन्हात आंघूळच केली न्हाई बघा मी," ती म्हणाली. "जल्मभर त्या अंधाऱ्या न्हाणीत. भायेर काय चाललंय काय दिसायचं न्हाई, घाईघाईनं दोन तांबे वतायचे आन् भायेर." तिनं पाय पाटावरून पुढं उन्हात सरकवले. शेवग्याला फुलं आली होती, त्यावर बारकी पाखरं लोंबकळत होती. मागं उसाला तुरे आले होते. ती बघत बसली आणि मी थोडं थोडं पाणी तिच्या हातांवर ओतत राहिलो, ते संपेपर्यंत.

त्यानंतर रोज तसंच. सकाळी गोठा, दुपारी भिंत. मी तोंडाला टॉवेल बांधून तारेच्या ब्रशनं लोणा घासायचो, विटांच्या सांध्यातला सैल झालेला माल छिन्नीच्या टोकानं उकरायचो, कोरड्या झाडूनं झाडून घ्यायचो. ही दारात खुर्ची घालून बसायची. पंख्याच्या वाऱ्यानं धूळ तिच्यापर्यंत जायची, आत जा म्हटलं तरी हलायची नाही.

एकदा ती म्हणाली, "तुमी घासताय नव्हं, त्या विटा मी आणल्यात."

घर बांधलं तेव्हा मी आसामात होतो. पत्रातून कळायचं, जोतं झालं, खिडकीपर्यंत आलं, स्लॅब पडला. मी वास्तुशांतीला सुट्टी काढून आलो तेव्हा भिंतींना चुना लागला होता. त्यामुळं घर माझ्या डोक्यात तयारच उभं राहिलेलं.

"विटांचा ट्रक आत येईना," ती सांगायला लागली. "पावसानं वाट खचल्याली. रस्त्याकडंला विटा वतून गेला. गडी मिळंनात. मग मी आन् सासूबाई, दोघी वाहायला लागलो. डोक्यावर फळी, फळीवर विटा. पोरगी पोटात हुती. सासूबाई म्हणायच्या, बस जरा. मी म्हणायची, एवढी एक खेप हू दे. मग भिती उभ्या ऱ्हायल्या तशी रोज सांच्याला पाणी मारायची. ही न्हाणीची भित शेवटची. हिला पाणी मारताना कळा सुरू झाल्या."

"ह्या भिंतीला?"

"ह्याच. बादली तशीच टाकून गेले दवाखान्यात."

मी हातातल्या ब्रशकडं बघितलं. आमची मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. तिच्या जन्माची तार मला मिळाली तो दिवस, तंबूतला गोड शिरा, सगळं मला आठवतं. पण ती तार निघाली त्याच्या आधीची ही बादली मला कुणी सांगितली नव्हती. मी खाली बसून सगळ्यात तळातली ओळ घासायला घेतली आणि ती जरा जपूनच घासली.

संध्याकाळी मी प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचो. सकाळी आतून थेंब. चहाच्या वेळी तिला सांगायचो, "अजून ओली आहे."

"आसू दे," ती म्हणायची. "घाई काय हाय?"

थेंब कमी कमी होत गेले. आधी कागदभर, मग नुसते खालच्या कडेला, मग धुकं धरल्यासारखं. आणि एका सकाळी कागद काढला तर तो कोरडा खडखडीत. विटा मूळच्या रंगावर आल्या होत्या. मी फोन हातात घेतला. गवंड्याचा नंबर काढला. मग फोन खिशात ठेवला आणि बंब पेटवायला गेलो.

"सुकली का?" तिनं विचारलं.

"जरा बाकी आहे."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही मी जरा बाकी आहे म्हणालो. तिसऱ्या दिवशी मी तिच्या पाठीवर पाणी ओतत होतो आणि ती शेवग्याकडं बघत म्हणाली, "आवं, भित सुकून दोन दिस झालं."

माझा तांब्या हातातच राहिला. "तुला कसं कळलं?"

"गाल लावून बघितला. बोटांना कळत न्हाई मला, बधिर हायती. गालाला बरोबर कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी का न्हाई बोलला?"

मी तांब्या भरून घेतला. ती मान खाली घालून हसत होती, ते मला मागून तिच्या खांद्यांवरून कळत होतं. थोड्या वेळानं ती गंभीर झाली.

"कवातरी आत जायालाच पायजे. थंडी वाढली की हितं बसवणार न्हाई मला. पर एक इचारू? ती भित आता उघडीच हाय. तिला खिडकी पाडता येईल का? वर झरोका हाय तसली न्हाई, नुसता उजेड यायची. टबात बसल्यावर भायेर दिसंल आशी."

गवंडी आला आणि खिडकीचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"टबाच्या डोक्यावर खिडकी? वैनी, एवढी भित सुकवली आन् परत तिच्यात पाण्याला वाट करून द्यायची? आन् मागनं कोण आलं गेलं तर?"

"मागं आमचंच परडं हाय."

"पाण्याचं काय?"

"ते तुमी बघायचं. गवंडी तुमी हाय का मी?"

तो भिंतीपुढं उभा राहिला. बराच वेळ नुसता मिशीवरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "तळाला दगडाची पट्टी बसवावी लागंल, आतल्या बाजूला उतार देऊन. पाणी उडालं तर परत टबात पडंल. चारी कडांना वल अडवायचं रसायन लावतो." आणि मग अंगात वारं शिरल्यासारखा कामाला लागला. जिथं टब येणार तिथं चार विटा मांडून त्यानं फळी ठेवली आणि हिला तिच्यावर बसवलं. "वैनी, सरळ बघा. मान उचलू नगा." तिच्या डोळ्यांच्या पातळीला त्यानं भिंतीवर खडूनं रेघ मारली. रेघेच्या खाली एक वीत, वर दोन हात. "एवढी बास?"

"बास."

भिंत फोडली, वर सिमेंटचा छोटा पट्टा ओतला, चौकट बसली. मग सगळी भिंत पाण्यानं शिंपडून त्यानं पातळ घोळाचा थर मारला आणि त्यावर गिलावा चढवला. ओळंबा लावून बघायचा, पुन्हा एक थापी, पुन्हा ओळंबा. शेवटी गिलावा ओला असतानाच त्याच्यावर आडव्या रेघा ओढून तो खरबरीत केला, टाइल पकडावी म्हणून. मग म्हणाला, "आता ह्याला रोज पाणी मारायचं."

"इतके दिवस सुकवली ती कशाला?" मी विचारलं.

"ती वल खराब हुती मेजर. ही वल कामाची. सिमेंटला पाणी न्हाई मिळालं तर भुगा हुतोय."

पाणी मारायचं काम हिनं घेतलं. नळाची बारीक नळी तिला दोन्ही तळव्यांत धरता यायची, बोटांची गरज नव्हती. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून ती भिंतीवर पाणी उडवायची, एक कोपरा कोरडा राहू द्यायची नाही. मी शेजारी उभा राहायचो. त्या दिवसांत गोठ्यातली अंघोळ चालूच होती, पण आता वारा झोंबायला लागला होता आणि पाणी ओतलं की ती शहारायची.

नवा टब आला. पांढरा, एका बाजूला बसायला रुंद कट्टा, धरायला दोन दांड्या. तो आधी बसवायचा आणि टाइल त्याच्या काठावर उतरवायची, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी टबातच पडतं, मागं जात नाही, हे गवंड्यानं आम्हाला करून दाखवलं. टब आणि टाइलमधला सांधा भरायच्या आधी त्यानं टब काठोकाठ पाण्यानं भरायला लावला. "वजनानं जेवढा बसायचा तेवढा आताच बसू दे. न्हाईतर माणूस बसल्यावर टब खाली दबणार आन् सांधा उघडणार." टाइलच्या रंगावरून मुलाशी फोनवर चर्चा झाली. त्याला राखाडी हवा होता. "चुलीम्होरं आयुष्य गेलं, राख काय थोडी बघितली?" असं म्हणून हिनं कोवळ्या उसाच्या पानासारखा हिरवा निवडला.

सगळं होऊन सांधा वाळला त्याच सुमाराला भावजय फलटणहून आली, नातीचे पेढे घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला ती टॉवेल खांद्यावर टाकून दारात हजर.

"चला आक्का. बघू तरी तुमचा नवा महाल."

ही जाग्यावरून उठली नाही. माझ्याकडं बघेना, तिच्याकडंही बघेना. मग म्हणाली, "तू बस. चा घे. लय दमली आसशील."

"आन् आंघूळ?"

"ती... ह्यांना जमायला लागलीया."

भावजयीनं माझ्याकडं बघितलं, मग हिच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आगं बया! मी चार दिस न्हवते तर एवढं?" ती हसत हसत गेली ती थेट घरोघर सांगत गेली असणार, कारण दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं. पारावर मला एकानं विचारलंसुद्धा, "मेजर, नवीन पोस्टिंग कसं काय?" मी म्हणालो, "बरं आहे. रोजची ड्यूटी, पण थंडी वाजत नाही."

दुखणं बरं झालेलं नाही. जानेवारीत मिरजेला गेलो तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. उजव्या हाताची दोन बोटं आता उघडत नाहीत, पाण्यातही नाहीत. बाकीची उघडतात. मी ती पाण्याखाली माझ्या हातात घेतो, एकेक सरळ करतो, आणि दुखलं की ती मला शिव्या देते, ज्या मी फौजेतसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

खिडकी ती उघडीच ठेवते. परवा मी तिच्या केसांना पाणी घालत होतो. भाजीवाली पाटी घेऊन, जवळची वाट म्हणून आमच्या परड्यातूनच चालली होती, हाक देत. ही टबातून ओरडली, "ए, मेथी हाय का?"

भाजीवाली थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेवग्याखाली कुणी नाही, गोठ्यात कुणी नाही.

"कोण हाय?" ती घाबरून म्हणाली.

"मी हाय की! मेथी हाय का इचारते."

"हाय, पर तुमी कुठं हाय?"

"आंघुळीला बसलीया," ही म्हणाली. "थांब तिथंच. ह्यांना पाठवते." आणि मला कोपरानं ढोसलं. "जावा. दोन जुड्या घ्या. कवळी बघून घ्या."

मी ओल्या हातांनी बाहेर गेलो. मेथी घेतली. आत आलो तर ती खिडकीतूनच विचारत होती, "आन् उंद्या पोकळा आणशील का?"